छोट्या कन्व्हर्टिबल गाडीत सबवूफर कसा बसवावा

कन्व्हर्टिबलचा टप, म्हणजे उघडता-मिटता येणारे छत, उघडून गाडी रस्त्यावर आणली की गाण्यातला खर्ज सर्वांत आधी नाहीसा होतो. गायकाचा आवाज, झांजा, तारवाद्ये ही ऐकू येत राहतात, पण बास गिटार, ढोल आणि डग्गा यांचा भरीवपणा वाऱ्यात विरून जातो. तो परत मिळवण्यासाठी आवाज वाढवावा, तर दारांतले लहान स्पीकर खरखरू लागतात. अशा वेळी सबवूफर, म्हणजे केवळ खर्जाचे स्वर वाजवणारा मोठा स्पीकर, बसवण्याचा विचार मनात येतो आणि तो योग्यच आहे. मात्र बंद गाडीसाठी सांगितले जाणारे बहुतेक सल्ले उघड्या गाडीत लागू पडत नाहीत. म्हणून हे काम प्रथमच हाती घेणाऱ्यांसाठी, कोणती गोष्ट आधी ठरवावी, कशासाठी ठरवावी आणि प्रत्यक्ष बसवताना काय सांभाळावे, हे येथे क्रमाने लिहीत आहे.

आधी कारण समजून घ्यावे

हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. त्यामुळे ४० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४० कंपनांच्या, स्वराची लहर साडेआठ मीटरहून लांब भरते. छोट्या गाडीची केबिन तेवढी लांब कधीच नसते. बंद गाडीत सबवूफरचा पडदा पुढे सरकला की ही लहर पसरायला जागाच नसते आणि आतल्या सगळ्या हवेचा दाब एकदम वाढतो. म्हणून बंद केबिनमध्ये स्वर जसजसा खाली जावा तसतसा खर्जाला आपोआप जोर मिळतो, आणि तत्त्वतः तो प्रत्येक सप्तकामागे १२ डेसिबलपर्यंत असू शकतो. बंद गाडीतला साधा सबवूफरही दणदणीत वाजतो, त्याचे मोठे श्रेय या दाबाला असते.

टप उघडला की हा दाब टिकत नाही. त्यात वाऱ्याचा आणि टायरांचा आवाज बहुतांशी खालच्या पट्टीतलाच असल्याने, जो काही खर्ज उरतो तोही त्याखाली झाकला जातो. तिसरी अडचण गाडीच्या बांधणीची आहे. अनेक दोन आसनी कन्व्हर्टिबल गाड्यांत डिकी आणि केबिन यांच्यामध्ये पत्र्याची भिंत असते. हॅचबॅकमध्ये डिकीतला आवाज सहज पुढे येतो, पण येथे तो पत्र्याआड अडकतो आणि डिकीचे झाकण हादरवतो.

मी माझ्या गाडीत पहिल्यांदा १० इंची सबवूफर डिकीतच बसवला होता, कारण रिकामी जागा तेथेच होती. टप उघडून गाडी उभी केली आणि मागच्या बंपरजवळ जाऊन थांबलो, तर खर्ज छातीत जाणवत होता. चालकाच्या सीटवर येऊन बसलो, तर तो जवळजवळ ऐकूच येत नव्हता. नंतर सीटमागे ठेवलेल्या ८ इंची, त्याच्या निम्म्या शक्तीच्या सबवूफरने जे काम केले, ते त्या मोठ्या पेटीला जमले नव्हते.

यामागचे गणित सोपे आहे. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी ६ डेसिबलने उतरते, आणि ते ६ डेसिबल भरून काढायला आवाजाचा सिग्नल वाढवून स्पीकरला देणाऱ्या ॲम्प्लिफायरची शक्ती चौपट करावी लागते. म्हणजे दोन मीटरवरच्या ४०० वॅटच्या सबवूफरचे काम एक मीटरवर १०० वॅटमध्ये, आणि अर्ध्या मीटरवर २५ वॅटमध्ये होऊ शकते. गाडीच्या आत पत्रा, काच आणि सीट यांमुळे हे आकडे तंतोतंत उतरत नाहीत, पण दिशा हीच राहते. उघड्या गाडीत सबवूफर किती मोठा आहे यापेक्षा तो शरीरापासून किती जवळ आहे याला अधिक महत्त्व आहे, आणि पुढचे सारे निर्णय याच सूत्राला धरून घ्यावेत.

पहिली पायरी: जागा

खरेदीच्या आधी जागा ठरवावी. हा क्रम उलटा झाला की घेतलेली वस्तू कोठेतरी कोंबावी लागते, आणि ते कोठेतरी बहुधा डिकीतच असते.

सहप्रवाशाच्या पायांजवळचा, डॅशबोर्डखालचा पुढचा कोपरा ही माझ्या मते अनेक छोट्या कन्व्हर्टिबल गाड्यांतली सर्वांत चांगली जागा आहे. टप उघडला तरी हा भाग वरून डॅशबोर्डने, पुढून पत्र्याने आणि बाजूने दाराने झाकलेला राहतो, त्यामुळे खर्जाला तेथे थोडा आधार मिळतो. वारा तेथे पोहोचत नाही आणि दोघांच्याही शरीरापासून अंतर कमी राहते. मात्र पेटी उथळ असावी लागते. सहप्रवाशाचे गुडघे वर उचलले जाऊन डॅशबोर्डच्या जवळ येत असतील तर ती पेटी तेथे ठेवू नये, कारण अपघातात एअरबॅग उघडताना बसण्याची ठेवण बदललेली असणे धोक्याचे आहे. डॅशबोर्डच्या खालच्या भागात गुडघ्यांसाठी वेगळी एअरबॅग असेल तर या जागेचा विचारच सोडावा. पेटी चालकाच्या बाजूला मात्र कोणत्याही परिस्थितीत ठेवू नये. पेडलखाली सरकलेली एखादी वस्तूही जीवघेणी ठरू शकते.

दुसरी जागा म्हणजे दोन्ही सीटांच्या मागची फळी किंवा मधली पोकळी. येथे सबवूफर पाठीच्या अगदी जवळ येतो, आणि खर्ज कानांइतकाच सीटच्या पाठीतून अंगाला जाणवतो. अडचण अशी की उघडल्यावर दुमडलेला टप याच भागात येऊन बसतो, त्यामुळे दिसणारी मोकळी जागा खरी मोकळी असतेच असे नाही. शिवाय दोन आसनी गाड्यांत इंधनाची टाकी पुष्कळदा याच फळीच्या खाली किंवा मागे असते, म्हणून पलीकडे काय आहे हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तेथे एकही छिद्र पाडू नये.

तिसरी जागा सीटखालची. ॲम्प्लिफायर आतच असलेले पातळ सबवूफर यासाठी बनवले जातात आणि त्यांची जाडी साधारण ७ ते ८ सेंटिमीटर असते. छोट्या स्पोर्ट्स गाडीची सीट मात्र आधीच जमिनीला टेकल्यासारखी असते, तेव्हा मोजल्याशिवाय काही गृहीत धरू नये. सीट पूर्ण पुढे, पूर्ण मागे आणि सर्वांत खाली नेऊन, प्रत्येक वेळी सर्वांत कमी उंची कोठे आहे ते मोजावे. मापे घेताना सीटखाली पिवळ्या रंगाचा कनेक्टर दिसला तर त्याला हात लावू नये. एअरबॅग आणि सीटबेल्ट ओढून धरणारी यंत्रणा यांच्या वायरींना बहुधा हाच रंग असतो. सीट काढण्याची वेळ आलीच, तर आधी बॅटरीचे ऋण टोक सोडवून गाडीच्या पुस्तिकेत सांगितला असेल तेवढा वेळ थांबावे, आणि कनेक्टर सुटे असताना गाडी चालू करू नये.

डिकी हा शेवटचा पर्याय. मागच्या भिंतीत स्कीसाठी किंवा लांब सामानासाठी झडप असेल, तर सबवूफरचे तोंड त्या झडपेला घट्ट टेकवून आवाज थेट केबिनमध्ये सोडता येतो. अशी वाट नसेल, तर डिकीत शक्ती ओतत राहण्यापेक्षा ती जागा सामानासाठी ठेवलेली बरी. टप कडक असून उघडल्यावर दुमडून डिकीतच बसत असेल, तर हा प्रश्नच उरत नाही.

जागा मनात ठरली की जाड पुठ्ठ्याची, नियोजित पेटीच्याच मापाची खोटी पेटी करावी आणि ती आठवडाभर त्या जागी ठेवून गाडी वापरावी. सहप्रवाशाला बसवून विचारावे, सीट मागेपुढे करावी, टप पूर्ण उघडून पूर्ण मिटावा, आणि टप उघडताना त्याच्या सांगाड्याची सर्वांत खाली येणारी कडी पुठ्ठ्याला घासते का ते पाहावे. माझ्या पहिल्या पुठ्ठ्याच्या वरच्या कडेवर तिसऱ्या दिवशी बोटभर लांबीची चीर दिसली. तेथे लाकडी पेटी असती, तर टपाचे कापड फाटले असते किंवा त्याची मोटर अडकली असती. अर्ध्या तासाच्या या कामाइतका उपयोग मला नंतरच्या कोणत्याही महागड्या वस्तूने झाला नाही.

दुसरी पायरी: स्पीकर आणि पेटी

उघड्या गाडीत २५ किंवा ३० हर्ट्झच्या मागे लागू नये. आवाजाची पातळी तीच ठेवून स्वर एक सप्तक खाली न्यायचा असेल, तर पडद्याला चौपट अंतर मागेपुढे जावे लागते, आणि केबिनच्या दाबाची मदत नसताना लहान स्पीकरला ते झेपत नाही. बास गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झला वाजते. तेव्हा साधारण ४५ ते ९० हर्ट्झ हा पट्टा भरीव आणि स्वच्छ मिळाला, तर बहुतेक संगीत उभे राहते. या पट्ट्यासाठी ८ इंची स्पीकर जवळच्या जागेत पुरतो; जागा असेल तर १० इंची घ्यावा, कारण त्याच्या पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे दीडपट असते.

पेटी दोन प्रकारची असते, हवाबंद आणि नळीची, म्हणजे हवा आत-बाहेर करणारी नळी बसवलेली. नळीची पेटी तिच्या ठरलेल्या स्वराजवळ अधिक मोठा आवाज देते, पण आकाराने मोठी होते, आणि त्या स्वराच्या खाली स्पीकरवर हवेचा लगाम राहत नाही. हवाबंद पेटी लहान बसते, मापातली किरकोळ चूक सहन करते आणि ठोका नेमका देते. नवख्याने हवाबंदच करावी. ८ इंची उथळ स्पीकरसाठी साधारण ८ ते १२ लिटर आतली जागा लागते, पण उत्पादकाने दिलेला आकडाच प्रमाण मानावा. उदाहरणार्थ, आतून ४० × २५ × १२ सेंटिमीटरची पेटी १२ लिटरची होते आणि स्पीकरचा मागचा भाग त्यातली सुमारे एक लिटर जागा खातो. भिंती १२ मिलिमीटर जाड घेतल्या तर बाहेरचे माप जवळपास ४२.५ × २७.५ × १४.५ सेंटिमीटर भरते. पुठ्ठ्याची पेटी याच बाहेरच्या मापाची करायची असते.

तयार पेट्या बहुधा एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीच्या, असतात. बंद गाडीत ते चालते. पण टप उघडा असताना आलेली एक सर किंवा जुन्या रबरी पट्टीतून झिरपणारे पाणी एमडीएफला पुरते, कारण कडेने पाणी प्यायले की ते फुगते आणि पुन्हा मूळ मापात येत नाही. म्हणून पाणी सोसणारे, मरीन दर्जाचे प्लायवूड किंवा फायबरग्लास वापरावे. स्पीकरचा पडदाही कागदी न घेता पॉलिप्रॉपिलीनचा घ्यावा आणि पडद्याला कडेने धरणारी गोल पट्टी रबराची असावी. बोटींसाठी बनवलेले स्पीकर ऊन आणि ओलावा दोन्ही सोसतात. सांधे आतून सिलिकॉनने बंद केले, तर ते पूर्ण वाळेपर्यंत, म्हणजे किमान एक दिवस, स्पीकर बसवू नये. पडद्याच्या तोंडावर लोखंडी जाळी हवीच, विशेषतः पेटी पायांजवळ असेल तर.

तिसरी पायरी: ॲम्प्लिफायर आणि विजेचा हिशेब

खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला वॅटचा आकडा बाजूला ठेवावा आणि बारीक अक्षरांतला आरएमएस आकडा शोधावा. स्पीकर सतत किती शक्ती सोसतो आणि ॲम्प्लिफायर सतत किती देतो, हे त्यावरूनच कळते. दोन्ही आकडे जवळपास सारखे असावेत आणि ते एकाच ओहम मूल्याला (स्पीकर विजेला जेवढा विरोध करतो त्याचे माप) मोजलेले असावेत. स्पीकरला ४-४ ओहमची दोन व्हॉइस कॉइल, म्हणजे पडदा हलवणारी तारेची वेटोळी, असतील, तर समांतर जोडल्यास २ ओहम आणि एकापुढे एक जोडल्यास ८ ओहम होतात. ॲम्प्लिफायर २ ओहमला चालणारा नसेल तर समांतर जोडणी त्याला जाळू शकते. प्रकार क्लास डी निवडावा, कारण तो आकाराने लहान असतो, कमी तापतो आणि घेतलेल्या विजेतला मोठा भाग आवाजाकडे वळवतो.

विजेचा हिशेब असा करावा. ३०० वॅट आरएमएस देणारा ॲम्प्लिफायर ८० टक्के कार्यक्षम आहे असे धरले, तर त्याला सुमारे ३७५ वॅट लागतात. इंजिन चालू असताना १३.८ व्होल्टला हे सुमारे २७ अँपिअर होतात. एवढ्यासाठी ८ गेजची, म्हणजे सुमारे ८.४ चौरस मिलिमीटरची, शुद्ध तांब्याची वायर पुरते. चार मीटर लांबीत २७ अँपिअरला तिच्यात पाव व्होल्टहूनही कमी घट होते. बाजारात ॲल्युमिनिअमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायरही याच नावाने मिळते. ती वीज कमी वाहते, म्हणून तीच घ्यायची झाल्यास एक माप जाड घ्यावी.

उघड्या छोट्या गाडीत सबवूफर जवळ बसवला असेल, तर १५० ते ३०० वॅट आरएमएस बहुतेकांना पुरते. त्याहून पुढे जायचे म्हटले की लहान बॅटरी आणि अल्टरनेटर यांचा विचार वेगळा करावा लागतो.

चौथी पायरी: वायरिंग

बॅटरीचे ऋण टोक सोडवल्याशिवाय कोणतेही काम सुरू करू नये. बॅटरी बॉनेटखाली असेल असे गृहीतही धरू नये. १९८९ साली आलेल्या माझदा एमएक्स-५च्या पहिल्या पिढीत ती डिकीत आहे. अशा गाड्यांत मुख्य वायरची लांबी निम्म्यावर येते आणि पत्र्याच्या पुढच्या भिंतीतून वायर ओवण्याचे त्रासाचे काम वाचते.

मुख्य वायरीवर बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज हवा. ॲम्प्लिफायरवर स्वतःचा फ्यूज असतोच, मग हा कशासाठी, असे नवख्याला वाटते. ॲम्प्लिफायरवरचा फ्यूज ॲम्प्लिफायरला वाचवतो, तर बॅटरीजवळचा फ्यूज मधल्या सगळ्या वायरीला. पत्र्यावर घासून वायरीचे आवरण फाटले आणि तांबे बॉडीला टेकले, तर बॅटरीची सारी ताकद त्या एका बिंदूतून वाहते. तेव्हा बॅटरीजवळचा फ्यूज नसेल तर आग लागू शकते. फ्यूजचा आकडा वायर जेवढे सोसते त्याहून कधीही मोठा नसावा. वायर पत्र्यातून जेथे जेथे जाते तेथे छिद्राच्या कडेला बसणारे रबरी कडे, म्हणजे ग्रोमेट, घालावे आणि उरलेल्या वाटेवर तिला दर वीस-पंचवीस सेंटिमीटरवर बांधावे. टपाच्या बिजागऱ्या, पट्ट्या आणि मोटर यांच्या वाटेतून ती मुळीच नेऊ नये. वायर तात्पुरती बांधून टप दोनदा उघडमीट करून पाहिल्यावरच ती कायमची बसवावी.

अर्थिंगची, म्हणजे ॲम्प्लिफायरची ऋण वायर गाडीच्या बॉडीला लावण्याची, जोडणी हा या कामाचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे, म्हणून तो जवळून सांगतो. ॲम्प्लिफायरपासून अर्धा मीटरच्या आत बॉडीचा जाड, गाडीच्या मूळ सांगाड्याशी वेल्ड केलेला पत्रा निवडावा. नुसता स्क्रूने लावलेला ब्रॅकेट नको आणि सीटबेल्टचा बोल्ट तर मुळीच नको. त्या जागेवर नाण्याएवढ्या गोलात पॉलिश पेपरने घासत जावे. आधी वरचा रंग निघतो, मग त्याखालचा राखाडी प्रायमर दिसतो, आणि बरेच जण येथेच थांबतात. प्रायमरही वीज अडवतो, तेव्हा पत्रा चांदीसारखा चमकेपर्यंत घासावे. मग दाबून बसवलेले रिंग टर्मिनल, वर दातेरी वॉशर आणि बोल्ट असे पान्याने घट्ट आवळावे, आणि सगळे जुळल्यावर वरून रंगाचा किंवा ग्रीसचा थर द्यावा, म्हणजे उघडा पडलेला पत्रा गंजत नाही. कन्व्हर्टिबलमध्ये गालिच्याखाली ओल साचण्याची शक्यता अधिक असल्याने हा थर वगळू नये. ऋण वायर धन वायरीइतकीच जाड असावी.

सिग्नलसाठी हेड युनिटच्या, म्हणजे डॅशबोर्डवरच्या म्युझिक सिस्टिमच्या, मागे आरसीए (ध्वनीच्या सिग्नलची गोल) सॉकेट असतील तर उत्तम. नसतील तर मूळ स्पीकरच्या वायरींवरून सिग्नल घेता येतो, कारण आजच्या बहुतेक लहान ॲम्प्लिफायरना तशी जोडणी असते. ती नसेल तर मध्ये स्पीकरचा सिग्नल ॲम्प्लिफायरला चालेल एवढा उतरवून देणारा लाइन आउटपुट कन्व्हर्टर लावावा. आरसीए केबल आणि मुख्य वीजवाहिनी गाडीच्या दोन वेगळ्या बाजूंनी न्याव्यात. इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी-उतरणारी शिट्टी ऐकू आली, तर दोष बहुधा याच ठिकाणी किंवा अर्थिंगमध्ये असतो. ॲम्प्लिफायर चालू-बंद करणारी रिमोट वायर हेड युनिटला जोडावी; थेट बॅटरीला जोडली तर ॲम्प्लिफायर रात्रभर चालू राहून सकाळी बॅटरी उतरलेली मिळते.

पाचवी पायरी: पेटी पक्की करणे

समजा, गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने जाऊन आदळली आणि अर्ध्या मीटरात थांबली. त्या क्षणी आतली प्रत्येक वस्तू स्वतःच्या वजनाच्या सुमारे वीसपट जोराने पुढे फेकली जाते, म्हणजे १२ किलोची पेटी जवळपास २४० किलोच्या जोराने. सीटमागची पेटी असेल तर तिच्या पुढे तुमची पाठ असते. म्हणून चिकटपट्टीवर किंवा गालिच्याला धरणाऱ्या वेलक्रोवर विसंबू नये. धातूच्या पट्ट्या आणि बोल्ट वापरावेत, ते गाडीत आधीच असलेल्या भक्कम छिद्रांत बसवावेत, आणि नवे छिद्र पाडायचेच असेल तर खाली वाकून ब्रेकची नळी, इंधनाची नळी आणि वायरींचे जुडगे कोठून जाते ते पाहून मगच ड्रिल हातात घ्यावे. तळाच्या पत्र्यातले प्रत्येक छिद्र सीलंटने बंद करावे.

सहावी पायरी: जुळवणी

जुळवणी टप उघडा ठेवून करावी, कारण अवघड स्थिती तीच आहे. प्रथम सबवूफरचा लो-पास फिल्टर, म्हणजे ठरलेल्या मर्यादेवरचे स्वर अडवणारी सोय, ८० हर्ट्झला आणि त्याचा उतार, म्हणजे मर्यादेवरचे स्वर कमी होण्याचा वेग, प्रतिसप्तक २४ डेसिबलवर ठेवावा. उतार सौम्य असेल तर गायकाचा जाड आवाजही पायांजवळून येऊ लागतो, आणि तो एकदा जाणवला की ऐकणाऱ्याला विसरता येत नाही. हेड युनिटमध्ये सोय असेल तर दारांच्या स्पीकरना हाय-पास फिल्टर लावून ८० ते १०० हर्ट्झच्या खालचे स्वर त्यांच्याकडून काढून घ्यावेत. सबवूफर बसवण्याचा अर्धा लाभ येथे आहे. खर्जाचे ओझे उतरले की तेच लहान स्पीकर वाऱ्यावर मात करण्याइतका मोठा आवाज न खरखरता देऊ लागतात.

गेन ही आवाज वाढवण्याची कळ नव्हे. हेड युनिटच्या सिग्नलशी ॲम्प्लिफायरचा मेळ बसवण्याची ती सोय आहे. ती कानाने न लावता मल्टिमीटरने लावावी. स्पीकर सोडवावा, हेड युनिटमधले बास वाढवणारे सगळे पर्याय बंद करावेत, आवाज कमालीच्या तीन चतुर्थांशावर ठेवून ५० हर्ट्झचा एकसुरी स्वर वाजवावा आणि ॲम्प्लिफायरच्या स्पीकर टोकांवर एसी व्होल्ट मोजावेत. हवी ती शक्ती वॅटमध्ये घेऊन तिला ओहमने गुणावे आणि गुणाकाराचे वर्गमूळ काढावे. २०० वॅट आणि ४ ओहमला ते २८.३ व्होल्ट येते. तो आकडा दिसेपर्यंत गेन हळूहळू वाढवून तेथेच थांबावे. काही मूळ हेड युनिट आवाज वाढला की दारांच्या स्पीकरना जपण्यासाठी खर्ज आपणहून कमी करतात. तसे असेल तर नेहमी ऐकता त्याच पातळीवर ही मोजणी करावी.

मग फेजचा स्विच. सबवूफर आणि दारांचे स्पीकर एकमेकांच्या उलट हलत असतील तर दोघांच्या सीमेवरचा, म्हणजे ८० हर्ट्झच्या आसपासचा, खर्ज परस्परांना खोडून टाकतो. चालकाच्या सीटवर बसून ओळखीचे गाणे लावावे, दुसऱ्या व्यक्तीला स्विच ० आणि १८० या दोन जागांवर आलटून-पालटून फिरवायला सांगावे, आणि ज्या जागेवर खर्ज अधिक भरलेला वाटेल ती कायम ठेवावी. यासाठी मला तबल्याची एकल ध्वनिमुद्रणे फार उपयोगी वाटतात. डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली मींड ऐकावी: स्वर खालून वर चढताना अखंड ऐकू आला, तर जुळवणी चांगली झाली आहे, मध्येच तो बारीक होऊन पुन्हा जाड झाला, तर फेज किंवा फिल्टर अजून चुकला आहे.

टप बंद केल्यावर हीच जुळवणी फार जड वाटेल, कारण केबिनचा दाब परत आलेला असतो. त्यासाठी ॲम्प्लिफायरबरोबर मिळणारी खर्जाची वेगळी कळ डॅशबोर्डवर हाताशी लावावी आणि टप मिटल्यावर ती उतरवावी. मानवी कान कमी आवाजात खर्ज तुलनेने कमी ऐकतो. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी हे १९३३ साली मोजून दाखवले होते. म्हणून दोन्ही स्थितींतली जुळवणी प्रत्यक्ष ऐकता त्याच आवाजाला करावी; नुसती उभ्या गाडीत केलेली जुळवणी रस्त्यावर टिकत नाही. सरळ, मोकळ्या रस्त्यावर सहप्रवाशाकडे कळ देऊन तीन-चार गाणी ऐकावीत. सीटमागे वारा अडवणारी जाळी किंवा काच असेल तर तिच्यासह आणि तिच्याशिवायही ऐकून पाहावे, कारण केवळ तिच्यामुळे पडणारा फरक कधीकधी शंभर वॅटहून मोठा वाटतो.

आवाजाला मर्यादाही हवी. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी अमेरिकेतील नायॉश ही संस्था ८५ डेसिबलला ८ तासांची मर्यादा सुचवते आणि पुढे दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी करते. वाऱ्याशी स्पर्धा करत संगीत वाढवत नेले, तर ही पातळी नकळत ओलांडली जाते. रुग्णवाहिकेचा भोंगा आणि मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू येईल एवढी जागा संगीतात ठेवावी, आणि सिग्नलला थांबल्यावर आवाज उतरवावा, कारण टप उघडा असताना तुमचा खर्ज शेजारच्यांपर्यंतही पोहोचतो.

पहिल्या महिन्यातली तपासणी

पहिल्या आठवड्यानंतर अर्थिंगचा आणि पेटीचा प्रत्येक बोल्ट पुन्हा आवळावा, कारण खर्जाच्या कंपनाने नवे बोल्ट सैल होतात. तासभर वाजवल्यावर फ्यूजच्या घराला आणि वायरीच्या टोकांना हात लावून पाहावा. कोमट चालेल, पण चटका बसत असेल तर जोडणी सैल आहे किंवा वायर बारीक आहे. कोठून खडखड येत असेल तर ती सबवूफरची नसून बहुधा नंबर प्लेट, डिकीचे झाकण किंवा टपाचा सांगाडा यांची असते; संशयित भागावर एकेक करून हात दाबावा, ज्याने खडखड थांबेल तेथे फोमची पट्टी चिकटवावी. पहिल्या पावसानंतर, किंवा गाडी धुतल्यावर, पेटीखालचा गालिचा उचलून बोटांनी चाचपावा. तो ओला लागला तर आधी टपाची पाणी वाहून नेणारी छिद्रे साफ करावीत, आणि गालिचा पूर्ण वाळल्यानंतरच ॲम्प्लिफायर चालू करावा.